गावच्या दवाखान्यात सिस्टर नेमके काय करते?



ताडकळसच्या कामाला हातभार लावणाऱ्या काही मंडळींनी गेल्या वर्षभरात एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला. दवाखान्यात डॉक्टर आहेत, मग सिस्टरच्या पगारासाठी वेगळी देणगी कशाला? त्यापेक्षा एखादे ईसीजी मशीन घेऊन देऊ का? प्रश्न प्रामाणिक आहे. मशीनवर देणाऱ्याचे नाव घालता येते, अंकात फोटो छापता येतो. पगार मात्र महिनाअखेरीस संपतो आणि दाखवण्यासारखे काही मागे उरत नाही. एकेकाला पत्राने उत्तर देण्यापेक्षा या अंकात सगळेच सविस्तर लिहावे असे वाटले.

ज्यांनी हा भाग पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती. ताडकळस हे परभणी जिल्ह्यातील पूर्णा तालुक्यातले बाजारपेठेचे गाव आहे. आसपासच्या खेड्यांतली माणसे बाजार, बँक आणि दवाखाना या तिन्ही कामांसाठी इथे येतात. आपले काम मुख्यतः पारधी वस्त्यांमध्ये आहे, आणि हिंगोलीच्या बाजूने शेतकामाला किंवा वीटभट्टीवर येणाऱ्या आंध कुटुंबांमध्ये. हिंगोली हा १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्याचाच भाग होता, त्यामुळे ही ये-जा जुनीच आहे. या लोकांचा पहिला दवाखाना म्हणजे गावातल्या साध्या फॅमिली डॉक्टरांचा दवाखाना. ताप, जुलाब, विंचू, बाळंतपणानंतरची दुखणी, बीपी, शुगर, सगळे तिथेच येते.

डॉक्टरांच्या खोलीबाहेर

बाजाराच्या दिवशी सकाळी दवाखान्याच्या ओसरीवर पाय ठेवायला जागा नसते. डॉक्टर एकटे असतात. एका रुग्णाला तीन-चार मिनिटांहून जास्त वेळ देणे त्यांना जमत नाही आणि त्यात त्यांचा दोष नाही. सिस्टरचे काम या तीन-चार मिनिटांच्या आधी सुरू होते आणि नंतर कितीतरी दिवस चालू राहते.

आधीचे काम म्हणजे रांगेकडे बघणे. कोण आधी आले याबरोबर कोण जास्त आजारी आहे हे तिला ओळखावे लागते. खोकणारे तान्हे बाळ दिसले की ती त्याचे कपडे थोडे वर करते आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजते. दोन महिन्यांपासून एक वर्षापर्यंतच्या बाळाचे श्वास मिनिटाला ५० किंवा जास्त भरले, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त भरले, तर तो साधा सर्दी-खोकला समजायचा नाही. न्युमोनिया असू शकतो. असे बाळ रांग मोडून आत जाते. त्याला कोणतेही यंत्र लागत नाही, सेकंदकाटा असलेले घड्याळ आणि घाई नसलेले एक मिनिट पुरते.

दुसरी गोष्ट पुस्तकात नसते. पारधी बाई दवाखान्यात आली की बहुधा पायरीवर, सगळ्यांच्या मागे बसते. बाकीच्या बाया आपल्या पिशव्या जवळ ओढून घेतात. चोर म्हणून लागलेला शिक्का दवाखान्याच्या दारातही पुसला जात नाही. कोणी तिला पुढे बोलावले नाही तर ती दुपारपर्यंत तशीच बसेल आणि औषध न घेता निघून जाईल. आपली सिस्टर तिला नावाने हाक मारते, बाकावर बसवते आणि इतरांसारखाच तिचा नंबर लावते. त्या बोलीतले चार-दोन शब्द तिने शिकून घेतले आहेत. हे दिसायला फार लहान काम आहे, पण वस्तीवरच्या बाया दवाखान्यात परत येतात त्या एवढ्यासाठी.

मग बीपी बघणे. हे कोणालाही जमेल असे आपल्याला वाटते, कारण यंत्र आता बटण दाबले की चालते. पण घाईने बघितलेले बीपी पुष्कळदा खोटे असते. माणूस बाजारातून ओझे घेऊन चालत आलेला असतो, तोंडात तंबाखू असते, हात लोंबकळत असतो, पट्टा शर्टाच्या बाहीवरून बांधलेला असतो. सिस्टर त्याला पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसवते. चहा-तंबाखू झाली असेल तर अर्धा तास थांबवते. हात छातीच्या पातळीवर टेबलावर ठेवून, उघड्या दंडावर पट्टा बांधून दोनदा मोजते. आकडा १४०/९० च्या वर आला तरी त्याच दिवशी शिक्का मारून मोकळी होत नाही, पुन्हा बोलावते. फार वर असेल, छातीत दुखत असेल, बोलताना जीभ अडखळत असेल, तर मात्र लगेच डॉक्टरांच्या दारावर टकटक करते. चुकीच्या आकड्यावर जन्मभराची गोळी सुरू होते किंवा खरोखर गरज असलेल्याची सुटते. दोन्हींचा खर्च गरिबालाच पडतो.

डॉक्टरांकडून बाहेर आलेल्या माणसाच्या हातात एक चिठ्ठी आणि गोळ्यांची पिशवी असते. आतले बोलणे ओसरीवर येईपर्यंत निम्मे विसरलेले असते. सिस्टर प्रत्येक पाकिटावर पेनने सूर्य किंवा चंद्र काढते. मग स्वतः सांगण्याऐवजी त्यांनाच विचारते, “सांगा बरं आजी, ही कधी घ्यायची?” चुकले की पुन्हा सांगते. “समजलं का?” असे विचारले तर सगळेच मान हलवतात, म्हणून तो प्रश्न ती विचारतच नाही.

कार्डांचा डबा

बीपी, शुगर आणि टीबी या आजारांत डॉक्टरांचे निदान ही फक्त सुरुवात असते. खरा प्रश्न तीन महिन्यांनी येतो.

“आजी, गोळ्या रोज घेता ना?”

“घेत होते की बाई. बरं वाटाया लागलं, मग कशाला खायच्या म्हनून ठिवून दिल्या.”

ताडकळसला हे उत्तर आठवड्यातून कितीदा ऐकू येते याची मोजदाद नाही. यावर रागावणारी सिस्टर पुढच्या खेपेला खोटे उत्तर ऐकते, “घेते की”, आणि रुग्ण हातचा जातो. आपली सिस्टर खाली बसून बोलते. गोळी बंद केल्यावर आजींना काहीही झालेले नसते, हीच अडचण. बीपी दुखत नाही. मग ती शेजारच्या वस्तीवर अर्धांगवायूने खाटेला खिळलेल्या एखाद्या ओळखीच्या माणसाचा दाखला देते. तोही आजींच्याच वयाचा असतो, हे न सांगता आजींच्या लक्षात येते.

तिच्या टेबलावर पत्र्याचा एक डबा आहे. त्यात प्रत्येक रुग्णाचे कार्ड परत येण्याच्या तारखेप्रमाणे लावलेले असते. संध्याकाळी ती त्या दिवसाचा कप्पा बघते. ज्यांची कार्डे तिथेच राहिली ते आले नाहीत, मग फोन किंवा वस्तीवरच्या कोणाकडून निरोप. ही युक्ती आपली नाही. २०१७ साली देशात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा एक मोठा सरकारी उपक्रम पाच राज्यांत सुरू झाला. महाराष्ट्र त्यांपैकी एक होता. औषधांची ठरलेली यादी, प्रत्येकाचे कार्ड, आणि न आलेल्याचा शोध घेण्याची जबाबदारी परिचारिकेवर व इतर आरोग्य कर्मचाऱ्यांवर, अशी त्याची साधी घडण आहे. डॉक्टरांनी औषध ठरवायचे आणि माणूस उपचारात टिकवून ठेवायचा तो सिस्टरने.

आपल्या भागात त्यात एक भर पडते. दिवाळीच्या आसपास उचल घेतलेली कुटुंबे ऊसतोडीला निघतात आणि पाच-सहा महिने परतत नाहीत. त्याआधीच्या पंधरवड्यात सिस्टर डबा घेऊन वस्त्यांवर जाते. कोण जाणार, कोणत्या जिल्ह्यात, सोबत किती दिवसांच्या गोळ्या द्यायच्या याची यादी करून ती डॉक्टरांकडून चिठ्ठ्या लिहून घेते. कार्डाची एक प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून बाईच्या हाती देते, कारण फडावर पुरुषाच्या खिशातला कागद टिकत नाही. गरोदर बाई असेल तर बाळंतपण कोणत्या महिन्यात येईल हेही त्यावर मोठ्या अक्षरात असते. टीबीच्या रुग्णाचे तर जास्तच बघावे लागते. साधारण सहा महिने औषध खंड न पाडता घ्यावे लागते आणि मध्येच गाव सुटले तर उपचाराची नोंद दुसऱ्या जिल्ह्यात वळती करून घ्यावी लागते. सरकार टीबीच्या रुग्णाला पोषणासाठी महिना ५०० रुपये देत असे, नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले. हे पैसे बँक खात्यात जमा होतात, आणि अनेक पारधी कुटुंबांत खातेच नसते. मग सिस्टर आणि आपला कार्यकर्ता आधार कार्डापासून सुरुवात करतात. हे परिचारिकेचे काम आहे का, असे कोणी विचारील. माझ्या मते आहे.

सुई आणि सलाईन

गावातल्या रुग्णाला गोळी दिली की उपचार झाल्यासारखे वाटत नाही. “ताकदीची सुई मारा”, “एक बाटली लावा” ही मागणी रोजची. इथे चांगली सिस्टर आणि नावापुरती सिस्टर यांतला फरक दिसतो.

सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साधारण साडेचार ग्रॅम मीठ असते, बाकी पाणी. ग्लुकोजच्या तेवढ्याच बाटलीत २५ ग्रॅम साखर, म्हणजे पाच-सहा चमचे. ज्याला तोंडाने पिता येते, ज्याला सारखी उलटी होत नाही, त्याला हेच घरी ओआरएसचे एक पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात मिसळून घेता येते. जुलाबाने डोळे खोल गेलेल्या, ग्लानी आलेल्या मुलाला सलाईन जीव वाचवते, थकलेल्या मजुराला ती फक्त खिसा हलका करते. सिस्टर हे समजावत बसते तेव्हा दवाखान्याचे उत्पन्न थोडे कमी होते हेही खरे. म्हणून तिचा पगार बाटल्यांच्या संख्येवर अवलंबून नसावा, असे मला वाटते. तिने किती सुया मारल्या यावर तिची किंमत ठरू लागली तर ती समजावणार कशी?

सुई द्यायचीच असेल तेव्हा एका माणसाला एक नवी सिरिंज, त्याच्यासमोर फोडलेली. वापरल्यावर सुई तिथेच कापायची आणि पांढऱ्या, टोचले जाणार नाही अशा डब्यात टाकायची. रक्ताने माखलेला कापूस पिवळ्या पिशवीत, प्लास्टिक लाल पिशवीत, काच निळ्या डब्यात. २०१६ च्या नियमांनी हे प्रत्येक दवाखान्याला बंधनकारक केले आहे. हा कचरा उकिरड्यावर गेला तर तो वेचणारे हात कोणाच्या मुलांचे असतात, हे वाचकांना सांगायला नको.

पेनिसिलीनसारखे इंजेक्शन देण्याआधी ती जुने कार्ड बघते. एकदा डॉक्टरांनी गर्दीत एक औषध लिहिले, आणि कार्डावर मागे त्याच जातीच्या औषधाने अंगावर गांधी उठल्याची नोंद होती. ती पुन्हा आत गेली. “सर, यांना मागं रिअॅक्शन आली होती.” डॉक्टरांनी औषध बदलले. प्रत्येक डॉक्टर असे ऐकून घेतोच असे नाही आणि प्रत्येक सिस्टरला परत आत जाण्याचा धीर असतो असेही नाही. निर्गमाच्या पहिल्या अध्यायातल्या शिप्रा आणि पुवा या सुइणी मला इथे आठवतात. त्यांच्यापुढे तर खुद्द फारो होता.

पावसाळ्यात सर्पदंशाचे रुग्ण येतात. डॉक्टर जेवायला घरी गेलेले असले तरी सिस्टरला पहिली दहा मिनिटे माहीत असावी लागतात. हातातल्या बांगड्या, अंगठी, पायातले जोडवे आधी काढायचे, नंतर सूज चढली की निघत नाहीत. अवयव हलू द्यायचा नाही. घट्ट दोरी बांधायची नाही, चिरा द्यायचा नाही, बांधून आणली असेल तर डॉक्टर येईपर्यंत घाईने सोडायची नाही. मग स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत थोडे रक्त घेऊन ती २० मिनिटे न हलवता ठेवायची. त्यानंतर नळी तिरकी केली आणि रक्त गोठलेले नसेल तर घोणस किंवा फुरशाच्या विषाची शक्यता मोठी. मण्यारचे तसे नसते. तिथे पापण्या जड होतात, गिळता येत नाही, आणि दंशाची खूणही कधी सापडत नाही. प्रतिविष कुठे आहे, गाडी कोणाची, परभणीला आधी फोन कोण करील, हे सगळे तिच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेले असते. मांत्रिकाकडे वाया गेलेला एक तास परत आणता येत नाही, म्हणून हीच माहिती ती पेरणीआधी वस्त्यांवर जाऊन सांगते.

बायका डॉक्टरांना सांगत नाहीत ते

अंगावरून पांढरे जाणे, पाळी चुकणे, नवऱ्याने मारल्याचा वळ, दोन मुलांत अंतर ठेवण्याची इच्छा, यांतले काहीही पुरुष डॉक्टरांसमोर आणि सासूच्या देखत निघत नाही. डॉक्टरांकडे तक्रार असते ती “कंबर दुखते”. सिस्टर वजन करायच्या निमित्ताने पडद्यामागे नेते आणि तिथे खरे दुखणे समजते.

२०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्यांनी सारा महाराष्ट्र अस्वस्थ झाला आणि राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. बीड आपल्या शेजारचाच जिल्हा. तिशीतल्या बाईला कोणी “पिशवी काढून टाक, कटकट नको” असे सांगितले, तर त्यानंतर लवकर येणारा अशक्तपणा, हाडांचे दुखणे, आणि मुळात तिचा त्रास साध्या औषधाने बरा होणारा होता का, हे तिला कोण सांगणार? सिस्टर तिला एवढेच म्हणते, “माय, घाई करू नको, दुसऱ्या डॉक्टरीणबाईंना दाखवू, मी येते संगं.” सोबत जाण्याचा तो एक दिवस तिच्या पगारात धरलेला असतो.

लसीकरण मात्र ती दवाखान्यात करत नाही. सरकारी केंद्रात ते मोफत आहे, लस २ ते ८ अंश तापमानात ठेवण्याची सोय तिथे आहे, आणि उपकेंद्राची एएनएम सिस्टर व आशाताई त्या कामासाठीच नेमलेल्या आहेत. सरकारी नियमाप्रमाणे सपाटीच्या भागात ५००० लोकसंख्येला आणि आदिवासी भागात ३००० ला एक उपकेंद्र धरतात. पण पालात राहणारे, हंगामात गाव बदलणारे कुटुंब कोणाच्याच यादीत नीट बसत नाही. आपली सिस्टर अशा मुलांची नावे आशाताईंना नेऊन देते, लहान मुलांच्या दंडाला पट्टी लावून बघते, आणि घेर ११.५ सेंटिमीटरहून कमी भरला की त्याच दिवशी पुढे पाठवते.

पांढरा कोट घातला की सिस्टर होत नाही

इथे थोडे कडू लिहावे लागते. खेड्यातल्या अनेक दवाखान्यांत “सिस्टर” म्हणून उभी असलेली मुलगी दहावी-बारावी शिकलेली, डॉक्टरांनीच हाताखाली तयार केलेली असते. ती मुलगी वाईट नाही. तुटपुंज्या पगारावर सकाळपासून रात्रीपर्यंत राबते, आणि काही बिघडले तर दोषही तिच्याच माथी येतो. पण श्वास मोजायला, रक्त गोठते का बघायला, डॉक्टरांना अडवायला तिला कोणी शिकवलेले नसते.

नोंदणीकृत परिचारिका होण्याचे मार्ग ठरलेले आहेत. एएनएम, म्हणजे सहायक परिचारिका प्रसाविका, हा बारावीनंतर दोन वर्षांचा अभ्यासक्रम. जीएनएम तीन वर्षांचा. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचा. संस्था मान्यताप्राप्त असावी लागते आणि शिक्षण संपल्यावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नाव नोंदवावे लागते. त्या क्रमांकाशिवाय ती कायद्याने परिचारिका नसते. नोंदणी असली तरी निदान करणे आणि आपल्या मनाने प्रतिजैविके देणे हे तिचे काम नव्हे. लोक प्रेमाने “छोटी डॉक्टरीण” म्हणतात तेव्हा चांगली सिस्टर लगेच ते खोडून काढते.

सहा महिन्यांत नर्स, नोकरीची हमी, वसतिगृहासह, अशा जाहिराती आपल्या भागात भिंतीभिंतीवर असतात. एका आंध कुटुंबाने मुलीसाठी दोन शेळ्या आणि बायकोचे डोरले विकून अशाच एका ठिकाणी फी भरली. हाती रंगीत प्रमाणपत्र आले, नोंदणी मात्र झाली नाही. त्या प्रमाणपत्रावर रुग्णालयात ती फक्त मदतनीस म्हणून लागू शकते. म्हणून मंडळीतील पाळकसाहेबांना आणि शिक्षकांना विनंती, की कोणतीही मुलगी फी भरण्याआधी त्या संस्थेचे नाव कौन्सिलच्या यादीत आहे का ते स्वतः बघावे. दहा मिनिटांचे काम आहे, मुलीची दोन वर्षे वाचतात.

जामखेडने काय दाखवले

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांचे नाव आपल्यापैकी बहुतेकांना माहीत आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले हे दांपत्य वडाळा येथील मिशन रुग्णालयात काम करून १९७० साली जामखेडला आले. त्यांची पहिली योजना गावोगाव एएनएम सिस्टर ठेवण्याची होती. ती जमली नाही. बाहेरची तरुण मुलगी खेड्यात एकटी राहायला धजावत नसे, आणि गावालाही ती आपली वाटत नसे. मग त्यांनी गावांनीच निवडलेल्या बायका घेतल्या. बहुतेक निरक्षर, पुष्कळशा दलित. पुढे त्याच आरोग्यसेविका म्हणून जगभर ओळखल्या गेल्या. त्या गावांतला बालमृत्यूचा दर १९७१ साली हजारी १७६ होता, १९७६ पर्यंत तो ५२ वर आला. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

यावरून काहीजण म्हणतात, मग सिस्टर कशाला, गावची बाईच पुरे. त्यांनी अर्धीच गोष्ट ऐकलेली असते. त्या बायका दर आठवड्याला जामखेडला येऊन शिकत, आणि परिचारिकेसह फिरते पथक त्यांच्या गावी जाऊन त्यांच्यासोबत रुग्ण बघत असे. परिचारिकेचे काम संपले नव्हते, बदलले होते. ताडकळसलाही तोच प्रयत्न आहे. प्रत्येक वस्तीतली एक बाई सिस्टरकडून श्वास मोजणे, दंडाची पट्टी आणि ओआरएस शिकते आहे. एकीला अजून आकडे वाचता येत नाहीत, म्हणून ती मिनिटभर मण्यांच्या माळेवर मोजते आणि बरोबर मोजते.

पगाराचा प्रश्न फक्त आपल्यासारख्या गरीब भागातलाच आहे असेही नाही. इंग्लंडमध्ये फॅमिली डॉक्टर पूर्वी बहुधा एकट्यानेच दवाखाना चालवत. १९६६ साली तिथल्या सरकारने दवाखान्यात नेमलेल्या मदतनीसांच्या, परिचारिकांसह, पगाराचा ७० टक्के भाग डॉक्टरांना परत द्यायला सुरुवात केली, आणि मग दवाखान्यातली परिचारिका हळूहळू नेहमीची झाली. आज जखमेची मलमपट्टी, लसी, शुगर-दम्याच्या रुग्णांची नियमित तपासणी तिथे तीच करते. डॉक्टरांना ती हवी होतीच. तिचा खर्च कोण उचलणार एवढेच अडले होते.

चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात आपण तेल, द्राक्षारस आणि जखमीला बसवलेले जनावर नेहमी आठवतो. दुसऱ्या दिवशी त्याने उतारशाळेच्या रक्षकाला दोन दीनार दिले आणि आणखी खर्च झाला तर परत येताना भरीन असे सांगितले, ते रविवारच्या शिकवणीत पटकन मागे पडते. त्या जखमी माणसाचे पुढचे कितीतरी दिवस त्या दोन दीनारांवर निघाले असतील.

आता आपल्या गरजा. ताडकळसच्या सिस्टरच्या पगारासाठी वर्षभर दरमहा ठरावीक रक्कम देणारी दहा कुटुंबे हवी आहेत, एकदाच मोठी रक्कम देणारी एक व्यक्ती असण्यापेक्षा ते बरे. आपल्या जवळजवळ प्रत्येक मंडळीत एखादी निवृत्त सिस्टर असते, मिरजेत, जालन्यात किंवा पूर्वीच्या अहमदनगरच्या मिशन रुग्णालयांत आयुष्य घालवलेली. अशा मावशींनी वर्षातून एक आठवडा येऊन वस्तीवरच्या बायांना शिकवावे, राहण्या-जेवण्याची सोय आपण करू. बारावीच्या दोन आंध मुली यंदा एएनएमला जाऊ इच्छितात, त्यांच्या प्रवेशासाठी प्रार्थना करावी.

वस्तू पाठवणाऱ्यांसाठी थोडेसे. बीपी यंत्राचे मोठ्या दंडाचे आणि लहान मुलांचे पट्टे, सेकंदकाट्याची भिंतीवरची घड्याळे, दंड मोजण्याच्या पट्ट्या आणि ओआरएसची पाकिटे हवी आहेत. घरात उरलेली औषधे कृपया पाठवू नका, मुदत तपासण्यातच सिस्टरचा दिवस जातो. पाऱ्याची जुनी बीपी यंत्रेही नकोत. वाटेत काच फुटली तर सांडलेला पारा गोळा करायची सोय आपल्याकडे नाही.